१८७५च्या सावकारविरोधी दंग्यांवरील पुस्तके आणि लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयात कसे शोधावेत?

भीमथडी

सर्व जाणकारांना सविनय नमस्कार. मी इतिहास विषयात पीएच.डी. करीत असून हे माझे दुसरे वर्ष आहे. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून घेतले, त्यांची होळी केली आणि त्यानंतर हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले, हे आपणांस ठाऊक असेलच. ज्या कुळांना अक्षरओळख नव्हती त्यांच्या आयुष्यावर लिहिलेल्या कागदाची सत्ता कशी चालत होती, हा माझ्या अभ्यासाचा गाभा आहे. माझे आजोळ त्याच परिसरातले असल्यामुळे विषयाची ओढ जुनी आहे. साधनांची ओळख मात्र नवी आहे.

अडचण अशी की, मार्गदर्शकांनी दोन महिन्यांत पूर्वसंशोधनाचा आढावा लिहून मागितला आहे आणि माझ्या हाती फारसे काहीच लागलेले नाही. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातील संगणकावर मी ‘डेक्कन रायट्स’ असे टंकून शोध घेतला, तेव्हा तीन पुस्तके दिसली आणि त्यांतली दोन स्पर्धा परीक्षांची निघाली. ‘दख्खनचे दंगे’ असे मराठीत टंकले तर एकही नोंद आली नाही. लेख तर कोठेच दिसत नाहीत. देवघेव विभागात विचारले असता, संगणकात नसेल तर ग्रंथालयात नाही, एवढेच उत्तर मिळाले. शिवाय मी तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात शिकवते. विद्यापीठ तेथून सत्तर किलोमीटर दूर आहे आणि ई-नियतकालिके केवळ आवारातच उघडतात असे मला सांगण्यात आले आहे. महिन्यातून दोनदाच जाणे जमते, म्हणून प्रत्येक फेरी कारणी लागावी अशी इच्छा आहे.

सुरुवात कोठून करावी, मराठी साधने कशी शोधावीत आणि दुरून काय काय मिळू शकते, यांविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

तालिकापत्र

भीमथडीताई, नमस्कार. मी विद्यापीठीय ग्रंथालयांत तीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपल्याला जे उत्तर मिळाले ते चुकीचे आहे आणि ते ऐकून मला वाईट वाटले. संगणकात नोंद नाही याचा अर्थ एवढाच की संगणकात नोंद नाही. आपल्याकडच्या अनेक जुन्या ग्रंथालयांत संगणकीकरण झाले तेव्हा नव्या पुस्तकांपासून सुरुवात झाली आणि जुन्या संग्रहाच्या नोंदी मागे राहिल्या. काही ठिकाणी त्या अजूनही पूर्ण झालेल्या नाहीत. म्हणून पुढच्या फेरीत पहिली चौकशी ही करा की जुनी पत्रतालिका, म्हणजे लाकडी खणांतील तालिकापत्रे, अद्याप जपून ठेवली आहेत का. बऱ्याच ठिकाणी ती कपाटे जिन्याखाली किंवा तळमजल्यावर हलवलेली असतात, पण असतात. तीही नसतील तर दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद असलेली वही, पाहू देण्याची विनंती ग्रंथपालांना लेखी करा.

आता शोधशब्दांविषयी, कारण खरी मेख तेथे आहे. पुस्तक तालिकेत येते ते तालिकाकाराने त्याला दिलेल्या शब्दांनी, आपल्या मनातल्या शब्दांनी नव्हे. ‘डेक्कन रायट्स’ हे शब्द ज्याच्या शीर्षकातच आहेत तेवढेच पुस्तक तुम्हाला दिसले. या दंग्यांवर ज्यांनी गंभीरपणे लिहिले त्यांतील बहुतेकांनी ग्रामीण पतपुरवठा, जमीनधारणा, महसूल, शेतीव्यवस्था अशा मोठ्या विषयांवर पुस्तके लिहिली आणि त्यांत दंग्यांवर एखादे प्रकरण दिले. आय. जे. कॅटनाक यांचे १९७०चे पुस्तक पश्चिम भारतातील ग्रामीण पतपुरवठ्यावर आहे आणि त्याचा आरंभच १८७५पासून होतो, पण त्याच्या शीर्षकात ‘दंगा’ हा शब्द नाही. रवींदर कुमार यांचे १९६८चे पुस्तक एकोणिसाव्या शतकातील पश्चिम भारतावर आहे, तर सुमित गुहा यांचे १९८५चे पुस्तक मुंबई इलाख्यातील दख्खनच्या शेतीव्यवस्थेवर आहे. ही तिन्ही तुमच्या आढाव्यात आलीच पाहिजेत, आणि तुम्ही टंकलेल्या शब्दांनी यांतले एकही सापडणार नाही.

यावर जुना उपाय असा की एक खात्रीचे पुस्तक लेखकाच्या नावाने शोधायचे, त्याची संगणकावरील नोंद पूर्ण उघडायची आणि तिच्या तळाशी दिलेली विषयशीर्षके वहीत उतरवून घ्यायची. ॲग्रिकल्चरल क्रेडिट, मनीलेंडर्स, पेझंट्स, लँड टेन्युअर अशी शीर्षके तेथे असतील आणि त्यांपुढे इंडिया किंवा महाराष्ट्र जोडलेले असेल. मग त्याच शीर्षकांनी नव्याने शोध घ्यायचा. एका पुस्तकावरून दहा पुस्तके निघतात, हे मी अक्षरशः शेकडो विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

दुसरे असे की या एका घटनेवरचे ग्रंथ निरनिराळ्या मांडण्यांवर विखुरलेले असतात. तुमचे ग्रंथालय पुस्तकांच्या वर्गीकरणासाठी ड्युईची दशांश पद्धत वापरत असेल तर शेतीविषयक कर्जाची पुस्तके ३३२.७१ला, जमिनीच्या अर्थशास्त्राची ३३३ला, शेती-उत्पादनाच्या अर्थव्यवस्थेची ३३८.१ला आणि महाराष्ट्राच्या इतिहासाची ९५४.७९२ला लागतात. कॅटनाक बहुधा पहिल्या मांडणीवर सापडतील आणि इतिहासाचे विद्यार्थी त्या बाजूला सहसा फिरकत नाहीत. काही ग्रंथालयांत रंगनाथनांची द्विबिंदू पद्धत अजून चालते, तेथे वर्गांक वेगळे दिसतील, म्हणून आधी विचारून घ्या. स्टॅकमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या मांडण्यांपर्यंत, प्रवेश मिळत असेल तर वर्गांक हाती घेऊन त्या चार ठिकाणी प्रत्यक्ष उभे राहा आणि हवे असलेले पुस्तक काढल्यावर त्याच्या उजवी-डावीकडची दहा-दहा पुस्तकेही उघडून पाहा. संगणकाला हे जमत नाही.

तळटीप

मी आर्थिक इतिहासात प्रबंध नुकताच सादर केला आहे, म्हणून लेखांपुरते लिहिते. ग्रंथालयाच्या तालिकेत लेख दिसत नाहीत यात ग्रंथालयाचा दोष नाही. तालिकेत नियतकालिकाचे नाव आणि ग्रंथालयाकडे कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे अंक आहेत एवढेच नोंदवलेले असते. आतल्या लेखांची नोंद नसते. म्हणून लेख आधी बाहेर शोधायचा, त्याचे नियतकालिक, खंड, अंक आणि पृष्ठे टिपून घ्यायची आणि मग तो खंड आपल्या ग्रंथालयात आहे का हे पाहायचे. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की निम्मा वैताग संपतो.

या विषयात एक लेख टाळून पुढे जाता येत नाही. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२मध्ये ‘मॉडर्न एशियन स्टडीज’च्या सहाव्या खंडात १८७५चे दख्खनचे दंगे ही एक दंतकथाच आहे, अशा आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहिला आणि दंग्यांची व्याप्ती व परिणाम यांविषयी जे सर्वजण धरून चालले होते त्यावरच प्रश्नचिन्ह लावले. तुम्ही त्यांच्याशी सहमत व्हा किंवा होऊ नका (मी नाही), पण त्यानंतर या विषयावर लिहिणाऱ्यांना त्यांची दखल घ्यावी लागली आहे. नेमका याच गोष्टीचा शोधासाठी उपयोग होतो. गूगल स्कॉलरवर तो लेख उघडा आणि त्याखालच्या ‘साइटेड बाय’ या शब्दांवर टिचकी मारा. ज्या नंतरच्या लेखांनी व पुस्तकांनी त्याचा हवाला दिला आहे त्यांची यादी समोर येईल. त्या यादीतच पुन्हा ‘मनीलेंडर’ किंवा ‘बाँड’ असा शब्द घालून शोध घेता येतो. तळटिपांवरून आपण मागे जातो, या यादीवरून पुढे येतो. जयरुस बानाजी यांचा दख्खनच्या जिल्ह्यांतील छोट्या शेतकऱ्यांवरचा १९७७चा लेख ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आहे, त्या साप्ताहिकाचे बांधीव खंड बहुतेक विद्यापीठांत असतात आणि तुमच्या फेरीत ते नियतकालिक विभागात मागवून घेता येतील.

घरून काय मिळेल, असे तुम्ही विचारले आहे. ई-नियतकालिके फक्त आवारातच उघडतात हे आता बहुतेक ठिकाणी खरे राहिलेले नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची इन्फेड नावाची सोय आहे. विद्यापीठ तिचे सदस्य असेल तर ग्रंथालयाकडून वापरकर्ता-नाव आणि परवलीचा शब्द मिळतो आणि घरबसल्या प्रवेश करता येतो. नोंदणीकृत संशोधक म्हणून तुम्हाला तो मागण्याचा अधिकार आहे, त्यासाठी ई-साधनांचे काम पाहणाऱ्या सहायक ग्रंथपालांना ईमेल करा. १ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजनाही सुरू झाली आहे. तिच्यात तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके येतात आणि केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षणसंस्थांना ती खुली आहेत. तुमचे महाविद्यालय खासगी संस्थेचे असेल तर तेथून कदाचित उपयोग होणार नाही, परंतु विद्यापीठाच्या ओळखीवर होऊ शकेल. यांतले काहीच जमले नाही तरी जेस्टोर या लेखांच्या संकेतस्थळावर विनामूल्य वैयक्तिक खाते उघडता येते आणि महिन्याला शंभर लेख पडद्यावर वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, वाचता मात्र येतात.

आणखी एक. ‘शोधगंगा’वर आपल्या देशातील विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य आहेत. तेथे मुख्य प्रकरणांआधी संदर्भसूची उघडा. याच जिल्ह्यांवर पूर्वी काम केलेल्या संशोधकाने कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या अभिलेखागारात, कोणत्या दप्तरांचे कोणते खंड पाहिले हे तेथे स्पष्ट लिहिलेले असते. दुसऱ्याच्या तीन-चार वर्षांच्या पायपिटीचा तो नकाशा आहे आणि कृतज्ञतेने वापरावा असा आहे.

जुने अंक

मराठी साधनांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

सर्वप्रथम काळाचे भान ठेवावे लागेल. १८७५च्या दंग्यांची बातमी शोधायला अनेक विद्यार्थी ‘केसरी’चे अंक मागवतात, ‘केसरी’ १८८१मध्ये सुरू झाला. ‘दीनबंधू’ही १८७७चा. त्या वर्षी चालू असलेली पत्रे पाहायची तर पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ आहे, जो १८४९पासून निघत होता, आणि ‘ज्ञानोदय’ आहे, जो मिशनऱ्यांनी १८४२मध्ये अहमदनगर येथेच सुरू केला होता. तुमचा विषय पाहता ‘ज्ञानोदय’कडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण त्या जिल्ह्याशी त्याचा जुना संबंध होता. मासिकांत १८६७पासूनचे ‘विविधज्ञानविस्तार’ पाहावे. मूळ अंक हाती लागले नाहीत तरी निराश होऊ नका. देशी वृत्तपत्रांत काय छापून येते याचा इंग्रजी गोषवारा सरकार दर आठवड्याला तयार करून घेत असे. ते साप्ताहिक अहवाल मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात आहेत. ज्या पत्रांचे अंक काळाच्या ओघात नष्ट झाले त्यांचा आवाज कधी कधी तेवढ्याच ओळींत उरलेला असतो. अर्थात तो सरकारी अनुवादकाच्या तोंडून आलेला आवाज आहे, हे लिहिताना विसरू नये.

कोणते नियतकालिक कधी, कोठे निघाले हे पाहण्यासाठी दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली मराठी नियतकालिकांची सूची वापरा. तिच्यात १८०० ते १९५० हा काळ आला आहे. पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे, पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५०. हे जाडजूड खंड संदर्भ विभागात असतात, घरी नेता येत नाहीत आणि त्यांवर धूळ बसलेली असते. एका माणसाने गावोगावच्या ग्रंथालयांत जाऊन पुस्तक न् पुस्तक पाहून ही नोंद केली याचा विचार केला की मला आजही भरून येते. शेती, सावकारी, कायदा या विषयांखालची पाने सलग वाचून काढा. ज्या पुस्तकांचे अस्तित्वच आपल्याला ठाऊक नसते त्यांची नावे संगणकात कशी टंकणार? ती सूचीतच भेटतात. मग ती पुस्तके शोधण्यासाठी विद्यापीठाबाहेरही जावे लागेल: पुण्यात १८४८चे नगर वाचन मंदिर आणि १९११चे पुणे मराठी ग्रंथालय आहे, मुंबईत दादरला १८९८चे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे.

आता शब्दांच्या लेखनाविषयी, कारण यामुळे माझे स्वतःचे कित्येक दिवस वाया गेले आहेत. जोतीराव फुले यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ हे १८८३चे पुस्तक घ्या. काही तालिकांत ते ‘असूड’ आहे, काहींत ‘आसूड’. लेखकाचे नाव कोठे जोतीराव, कोठे जोतिराव, कोठे ज्योतिबा. एवढेच असते तर चालले असते, पण ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन निरनिराळ्या प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. नोंद करणाऱ्याने एक प्रकार वापरला आणि आपण दुसरा वापरला की ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येते आणि पुस्तक तर समोरच्या कपाटात असते. यासाठी जोडाक्षर येईल असा शब्द टाळून शोध घ्यावा. ‘असूड’ एवढेच टंका, मग ‘आसूड’ टंका, किंवा ‘शेतक’ एवढी अक्षरे लिहून पुढे तारांकित चिन्ह द्या. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत अनुस्वार भरपूर असतात, म्हणून ‘खते’ (म्हणजे कर्जाचे दस्तऐवज) बरोबरच ‘खतें’ असेही करून पाहावे.

इंग्रजी साधनांतही हीच कथा आहे. १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा तुम्हाला हवाच असेल. त्याच्या मूळ नावात दख्खन हा शब्द डी-ई-के-के-एच-ए-एन असा लिहिलेला आहे, आजच्यासारखा दोन सी घालून नव्हे. सावकार हा शब्द ‘साहुकार’, ‘सौकार’ अशा नाना रूपांत येतो. सुप्याचे ‘सुपा’ होते आणि पुण्याचे ‘पूना’ होते. शिरूर न सापडल्यास घोडनदी शोधा. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर अशा रूपांचा तक्ता आहे आणि त्यात अजूनही भर पडते.

सनाचेही असेच. जुन्या मराठी पुस्तकावर आणि त्यामुळे तालिकापत्रावरही शकाचे वर्ष असू शकते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौष-माघ-फाल्गुनात सहसा ७९ मिळवावे लागतात. सुप्याची घटना शके १७९७च्या वैशाखातली. म्हणून तालिकेत वर्षाची मर्यादा घालून शोधताना १७९७ घालून पाहायलाही विसरू नका.

घोडनदीकाठ

वरील सर्व सूचना मोलाच्या आहेत. मात्र एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. तळटीपताईंनी चार्ल्सवर्थ यांच्या लेखापासून सुरुवात सुचवली आहे. माझा अनुभव असा की आधी दंग्यांच्या चौकशी समितीचा १८७६चा अहवाल वाचावा आणि मग त्यावरची भाष्ये. नव्या संशोधकाने आधीच वादात उडी घेतली की अहवाल वाचताना तो कोणत्या तरी एका बाजूचा पुरावाच तेवढा वेचत जातो. त्या अहवालासोबत परिशिष्टांत साक्षी आणि जिल्हा अधिकाऱ्यांची टिपणे आहेत. कोणत्या गावात कोणाची खते जाळली, सावकार काय म्हणाला, कूळ काय म्हणाले, हे सर्व तेथे आहे. तुमचा विषय कागदाच्या सत्तेचा आहे, म्हणून ते आधी तुमच्या डोळ्यांनी पाहा.

हा अहवाल १८७८मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढेही ठेवला गेला होता. त्यामुळे तालिकेत तो तीन ठिकाणी असू शकतो: मुंबई सरकारच्या प्रकाशनांत, समितीच्या नावाखाली आणि पार्लमेंटरी पेपर्समध्ये. सरकारी अहवालांना व्यक्ती म्हणून लेखक नसतो. तेथे लेखकाच्या रकान्यात सरकारचे किंवा समितीचे नाव घालून शोध घ्यावा लागतो, आणि हे मला कोणी सांगितले नसल्यामुळे माझा पहिला उन्हाळा फुकट गेला होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील अहमदनगरचा १८८४चा सतरावा खंड आणि पुण्याचा १८८५चा अठरावा खंडही ‘कॅपिटल’ या प्रकरणापासून वाचायला घ्या. सावकारांच्या जाती, व्याजाचे दर, खते लिहिण्याची रीत, सगळे तेथे आहे. गॅझेटियर राज्य सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात, त्यामुळे विद्यापीठाची फेरी त्यावर खर्च करू नये.

भीमथडी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानते. मागील आठवड्यात फेरी झाली, तिचा वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

तालिकापत्र सरांच्या सांगण्यावरून पत्रतालिकेची चौकशी केली. नियतकालिक विभागातील एका ज्येष्ठ ताईंनी मला बंद वाचनकक्षामागच्या खोलीत नेले; तेथे भिंतीला लागून खणांची सहा कपाटे होती. विषयतालिकेतील ‘सावकारी’ हा खण उघडला, पितळी सळईत ओवलेली पत्रे एकेक करून मागे सारली आणि अकरा नोंदी मिळाल्या, ज्यांपैकी सात संगणकात नाहीत. एक पत्र शाईने लिहिलेले होते आणि त्याच्या कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलीने ‘तसेच पाहा: खत, गहाण, कूळकायदा’ असे टिपून ठेवले होते. ते वाचून मी काही क्षण तशीच उभी राहिले. माझ्या प्रबंधाचा विषय कोणा अनाम तालिकाकाराने त्या एका ओळीत आधीच ओळखला होता. ‘खत’ या खणात आणखी पाच नोंदी निघाल्या आणि त्यांत मुद्रांक व नोंदणीच्या कायद्यांवरची दोन जुनी मराठी पुस्तके आहेत.

कॅटनाक ३३२.७१लाच मिळाले. त्यांच्या शेजारी सहकारी पतपेढ्यांच्या इतिहासाची एक पूर्ण रांग होती, जी मी एरवी कधीच पाहिली नसती. इन्फेडचा परवलीचा शब्द ईमेल केल्यावर चौथ्या दिवशी आला आणि चार्ल्सवर्थ यांचा लेख घरी उतरवून घेतला आहे. घोडनदीकाठ सरांचे म्हणणे मला पटले, म्हणून तो तूर्त वाचलेला नाही. अहवालाची परिशिष्टे आधी वाचीत आहे.

आता एकच प्रश्न उरला आहे. त्या सात नोंदींपैकी तीन पुस्तके मांडणीवर नाहीत. गहाळ झाली असावीत, असे सांगण्यात आले. ती अन्यत्र कोठे आहेत हे कसे शोधावे आणि मिळवावीत कशी?

तालिकापत्र

भीमथडीताई, ‘तसेच पाहा’ हे शब्द पेन्सिलीने लिहिणारी ती पिढी मी पाहिली आहे. ते पत्र जपून ठेवायला त्या ताईंना माझ्या वतीने सांगा आणि शक्य झाल्यास त्याचे छायाचित्र घ्या.

गहाळ पुस्तकांसाठी आधी लेखी अर्ज देऊन ती खरोखर गहाळ आहेत की बांधणीसाठी गेली आहेत की चुकीच्या वर्गांकाला लागली आहेत, हे तपासून घ्यायला सांगा; माझ्या अनुभवात चुकीच्या जागी लागलेली पुस्तके पुष्कळ निघतात. ३३२च्या जागी ३२३ असे अंक उलटे वाचून लावलेले पुस्तक वर्षानुवर्षे कोणाला दिसत नाही. तोपर्यंत इन्फ्लिबनेटच्या ‘इंडकॅट’ या सामाईक तालिकेत ती नावे पाहा, म्हणजे देशातील कोणत्या विद्यापीठात प्रत आहे ते कळेल. तुमचे ग्रंथालय दिल्लीच्या डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सदस्य असेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून पुस्तक मागवता येते. अर्ज तुम्ही परस्पर करायचा नसतो, तो तुमच्या ग्रंथपालांमार्फत जातो. अर्जात लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष आणि ज्या ग्रंथालयात प्रत आढळली त्याचे नाव लिहा, म्हणजे काम लवकर होते. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात शेती आणि पतपुरवठा या विषयांचा जुना संग्रह फार मोठा आहे. मार्गदर्शकांचे पत्र आणि ओळखपत्र घेऊन तेथे जा आणि आधी दूरध्वनीवरून वेळा विचारून घ्या.

इंटरनेट आर्काइव्हवरही पाहा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात चित्रांकित केलेली हजारो मराठी पुस्तके आता तेथे आहेत, परंतु त्यांची शीर्षके रोमन लिपीत अतिशय विचित्र पद्धतीने लिहिलेली आहेत. दीर्घ स्वर दोनदा टंकलेला असतो, मध्येच अवतरणचिन्ह येते, लेखकाचे नाव अर्धेच असते. पूर्ण शीर्षकाने शोधू नका. एखादा छोटा, वेगळा शब्द घ्या आणि त्याची तीन-चार रोमन रूपे करून पाहा.

जुनी पुस्तके हाताळताना शाईचे पेन बाहेरच ठेवा, पेन्सिलच वापरा. पाने ठिसूळ असतील तर झेरॉक्ससाठी पुस्तक पालथे दाबू देऊ नका. परवानगी घेऊन भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घ्या आणि प्रत्येक पुस्तकाचे पहिले छायाचित्र मुखपृष्ठाचे व दाखल क्रमांकाचे असू द्या. तीन महिन्यांनी तळटीप लिहायला बसाल तेव्हा ते कोणत्या पुस्तकाचे पान आहे हे शोधायला सत्तर किलोमीटर परत यावे लागणार नाही. त्या तीन पुस्तकांची नावे येथे कळवलीत तर माझ्या माहितीतल्या ग्रंथालयांत मीही चौकशी करतो.